पापणी लवायच्या आत विझणाऱ्या गॅमा स्फोटाचा पत्ता काढतात तरी कसा?

रेवती_बार्शी

मंडळी, माझी लेक नववीत आहे आणि सध्या तिच्या डोक्यात शॉर्ट गॅमा रे बर्स्ट (लांब आकाशात होणारे, गॅमा किरणांचे क्षणभराचे स्फोट) घुसलेत. शाळेत दहा मिनिटं बोलायचंय तिला. काल भाकऱ्या करत होते तर ओट्याला टेकून म्हणते, "आई, स्फोट दोन सेकंदांच्या आत संपतो, मग दुर्बीण तिकडे वळवतात कधी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री बसून वाचलं, थोडं कळलं, बरंच डोक्यावरून गेलं.

जे कळलं ते असं. हे स्फोट पहिल्यांदा सापडले १९६७ साली अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांना, जे खरं तर चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडायला वर सोडले होते. ती गोष्ट जगजाहीर झाली १९७३ मध्ये. मग १९९१ ला कॉम्प्टन वेधशाळा गेली, तिच्यावरच्या बॅट्सी नावाच्या उपकरणाने नऊ वर्षांत २७०४ स्फोट नोंदवले. त्यातूनच लक्षात आलं की स्फोटांचे दोन गट आहेत, दोन सेकंदांहून लांब आणि दोन सेकंदांहून छोटे. पण छोट्यांपैकी एकाचाही नक्की पत्ता २००५ पर्यंत कुणाला सांगता आला नव्हता! म्हणजे आवाज शेकडो ऐकले पण दार एकाचंही सापडलं नाही.

मला तर वाटतं की स्फोट दिसणं ही निम्मीच गोष्ट आहे, कुठे झाला हे कळेपर्यंत तो काय होता हेच सांगता येत नाही. जाणकारांनी नववीच्या पोरीला कळेल असं सांगावं ही विनंती.

चंद्रकोर

भारी विषय ताई. खुर्ची ओढून बसलोय.

अवकाश_पांथस्थ

रेवतीताई, लेकीचा प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. थोडं लांबण लावून सांगतो.

पहिली अडचण अशी की गॅमा किरण भिंगाने गोळा करता येत नाहीत, साध्या आरशावरून परतवता येत नाहीत, ते आरपार निघून जातात. मग फोटो काढायचा कसा? तर सावलीवरून. स्विफ्ट नावाचा उपग्रह २० नोव्हेंबर २००४ ला वर गेला, त्याच्यावरच्या बॅट या उपकरणात वर एक छप्पर आहे, त्यावर शिशाचे अर्ध्या सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे बसवलेत, साधारण ५२ हजार, आणि ते मुद्दाम वेडेवाकडे विखुरलेत, म्हणजे कुठे तुकडा कुठे भोक असं, नक्षी कुठेच पुन्हा तशीच येत नाही. त्याच्याखाली एक मीटरवर ३२,७६८ छोट्या डिटेक्टरांची फरशी. स्फोट झाला की छपराची सावली फरशीवर पडते, आणि ती किती सरकली त्यावरून किरण कुठून आले ते कॉम्प्युटर काढतो.

घरी करून बघा. पोह्याची चाळणी घ्या, अंधार करा, वरून मोबाईलचा टॉर्च मारा. टॉर्च डावीकडे नेला की जमिनीवरचे ठिपके उजवीकडे सरकतात. आता फक्त ठिपके बघून टॉर्च कुठे आहे ते लेकीला सांगायला लावा. मात्र चाळणीची भोकं एकसारखी असतात, त्यामुळे एका भोकाएवढी सरकली की पुन्हा तेच चित्र दिसतं आणि फसायला होतं. म्हणूनच वरची नक्षी वेडीवाकडी.

यातून पत्ता मिळतो काही आर्कमिनिटांपर्यंत (पूर्ण चंद्र सुमारे ३० आर्कमिनिटांचा असतो). आणि लेकीच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे: दुर्बीण स्फोट बघायला वळत नाहीच. स्फोट संपलेलाच असतो. ती वळते त्याच्या मागे राहिलेली धग बघायला, जिला आफ्टरग्लो म्हणतात. स्विफ्ट कुणाला न विचारता स्वतःच मिनिटभरात अख्खा वळतो आणि त्याची क्ष-किरण दुर्बीण काही आर्कसेकंदांपर्यंतचा (आर्कसेकंद म्हणजे आर्कमिनिटाचा साठावा भाग) पत्ता देते. क्ष-किरण आरशावरून परतवता येतात, पण अगदी तिरके येऊ दिले तरच, तळ्यात चपटा दगड आडवा मारला की टणाटण उडत जातो तसे.

विजया_न्यूक

अय्या, हे तर आमचंच काम! मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, एकवीस वर्षं गॅमा कॅमेऱ्यावर. आमच्याकडे पेशंटला टेक्निशियमचं इंजेक्शन देतात, शरीरातून गॅमा किरण बाहेर येतात आणि ते कुठून येतात तेच आम्हाला शोधायचं असतं. भिंग आम्हालाही नाही. म्हणून कॅमेऱ्यापुढे कोलिमेटर लावतो, शिशाची जाड पाटी, तिला हजारो बारीक भोकं, मधाच्या पोळ्यासारखी. सरळ आलेला किरणच भोकातून जातो, तिरका शिशात अडकतो. पाटी इतकी जड की बदलायला स्पेशल ट्रॉली लागते. मागे सोडियम आयोडाइडचा स्फटिक, त्यावर किरण आदळला की क्षणभर उजेड पडतो आणि तो उजेड मोजायच्या नळ्या.

पांथस्थ, तुमच्या छपरात आणि आमच्या पाटीत फरक एवढाच दिसतोय की आम्ही तिरके किरण टाकून देतो आणि ते लोक तिरक्यांचीच सावली वाचतात. बरोबर ना?

अवकाश_पांथस्थ

विजयाताई, शंभर टक्के बरोबर, मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. आणि ऐका, फर्मी उपग्रहावरच्या जीबीएम उपकरणातही तोच सोडियम आयोडाइडचा स्फटिक आहे, चहाच्या बशीएवढ्या बारा चकत्या, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवलेल्या. त्याला छप्पर नाही, सावली नाही. जी चकती स्फोटाकडे समोरासमोर तोंड करून असेल तिला जास्त किरण लागतात, तिरकी असेल तिला कमी. त्या कमीजास्तीवरून दिशेचा अंदाज. डोळे मिटून उन्हात उभं राहिलं की कुठला गाल तापतोय त्यावरून सूर्य कुठे आहे ते कळतं, अगदी तसंच.

पण गालाने जेवढं कळेल तेवढंच. चूक कितीतरी अंशांची असते. हात लांब करून मूठ आकाशाकडे धरा, मूठ साधारण दहा अंश. तेवढ्या वर्तुळात चारशेच्या आसपास पूर्ण चंद्र मावतील. एवढ्या जागेत कुठली दुर्बीण कुठे बघणार?

मिलिंद_ठाणे

मग सरळ आहे की, जीबीएम कशाला पाहिजे, स्विफ्टसारखे अजून दोन पाठवा. एक नेमका डोळा शंभर आंधळ्या गालांपेक्षा बरा.

गावठी_गणित

मिलिंदराव, इथे मी तुमच्याशी भांडणार.

स्विफ्टच्या बॅटला एका वेळी आकाशाचा साधारण नववा हिस्सा नीट दिसतो. शॉर्ट स्फोट वर्षाला त्याच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच येतात. फर्मीला वर्षाला चाळीसेक सापडतात, कारण पृथ्वीआड गेलेला भाग सोडला तर तो सगळीकडे बघतो. मग नेमकं पण थोडं, की भरपूर पण धूसर?

तर तिसरा रस्ता आहे आणि माझ्या मते सगळ्यात देखणा तोच. वेळेवरून पत्ता. एकच स्फोट दोन यानांना थोडा पुढेमागे दिसतो, कारण प्रकाशाला एकापासून दुसऱ्यापर्यंत जायला वेळ लागतो. त्या फरकावरून आकाशात एक कडं आखता येतं, स्फोट त्या कड्यावर कुठेतरी. तिसरं यान मिळालं की दुसरं कडं, दोन कडी एकमेकांना दोन ठिकाणी छेदतात. चौथं यान दोनातलं खरं कुठलं ते सांगतं. याला इंटरप्लॅनेटरी नेटवर्क म्हणतात, यानं आपापल्या कामावर असतात, कुणी मंगळाभोवती, कुणी सूर्य आणि पृथ्वीच्या मध्ये, जाताजाता गॅमा किरणही मोजतात.

आता गंमत बघा. पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला प्रकाश ४२ मिलिसेकंदांत जातो, त्यामुळे पृथ्वीलगतच्या दोन उपग्रहांत वेळेचा फरक इतका थोडा की कडं फार जाड होतं. पण दोन यानांत प्रकाशाला ४०० सेकंद लागतील एवढं अंतर असेल आणि वेळ मोजण्यात पाच शतांश सेकंदाची चूक झाली, तर ती झाली आठ हजारात एक भाग, म्हणजे कड्याची चूक अर्ध्या आर्कमिनिटाच्या आसपास! ना छप्पर ना आरसा, फक्त घड्याळ.

आणि रेवतीताई, लेकीला हे जरूर सांगा, स्फोट जितका छोटा तितका या पद्धतीला सोयीचा. लांब स्फोट हळूहळू चढतो उतरतो, नेमका कुठला क्षण जुळवायचा तेच कळत नाही. छोटा म्हणजे एकच टोकदार काटा, दोन्ही यानांच्या आलेखांवर तो बरोबर एकावर एक बसवता येतो.

चंद्रकोर

म्हणजे जो हाताला लागत नाही तोच मापाला चोख लागतो. वा.

विजया_न्यूक

गणितभाऊ, परत आमचंच आलं. पेट स्कॅनमध्ये एका जागेवरून दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात, नव्या मशीन दोन्हीकडे पोचायच्या वेळेतला फरक मोजून गाठ रेषेवर साधारण कुठे आहे ते सांगतात. तुमचा फरक मिनिटांचा, आमचा सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी.

मिलिंद_ठाणे

बरं, मी माझा मुद्दा निम्मा मागे घेतो. पण निम्माच. तुमच्या नेटवर्कला पत्ता द्यायला किती वेळ लागतो? मंगळाकडचा डेटा खाली यायला तास जातात, दिवस जातात. तोवर आफ्टरग्लो विझतो की. शॉर्टवाल्यांचा तर आधीच मिणमिणता. घर सापडलं पण आत कुणी नाही, काय उपयोग?

गावठी_गणित

उशिरा मिळालेल्या पत्त्याचा उपयोग सांगतो. १५ एप्रिल २०२०, आपण सगळे लॉकडाउनमध्ये घरात बसलो होतो, दुपारचे सव्वादोन वाजून गेलेले. त्याच सुमारास एक स्फोट पोचला, ०.१४ सेकंदांचा. आधी मंगळाभोवतीच्या मार्स ओडिसीला लागला. तिथून ६.६ मिनिटांनी विंड यानाला. तिथून साडेचार सेकंदांनी पृथ्वीजवळच्या फर्मीला आणि इंटिग्रलला. अख्खी लाट सूर्यमाला ओलांडत गेली आणि वाटेत प्रत्येकाने आपापली वेळ लिहून ठेवली.

कडी छेदली ती कुठे? एनजीसी २५३ या दीर्घिकेवर, १.१४ कोटी प्रकाशवर्षांवर. म्हणजे दाराशीच. दिसायला हुबेहूब शॉर्ट गॅमा स्फोट, आणि ते सहसा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या मोठ्या ताऱ्याचे उरलेले अतिदाट गोळे) टकरीतून होतात असं मानतात, पण इतक्या जवळ म्हटल्यावर याची ताकद मोजली तर तशा टकरीपेक्षा कितीतरी कमी निघाली. ती टक्कर नव्हतीच. तो एका मॅग्नेटारचा, म्हणजे प्रचंड चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्याचा भडका होता. पत्ता मिळाला आणि त्याची जातच बदलली. रेवतीताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय ना, कुठे ते कळेपर्यंत काय ते सांगता येत नाही? तेच.

स्वरा_पुणे

थोडं आडवं येते. "दोन सेकंदांच्या आतला म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर" हे लेकीने इतकं ठाम बोलू नये असं मला वाटतं. ११ डिसेंबर २०२१ चा स्फोट जवळपास मिनिटभर चालला, म्हणजे नियमाने लांबच, आणि त्याच्या मागे किलोनोव्हाची (टकरीतून उडालेल्या मालाच्या उजेडाची) खूण मिळाली, जी टकरीनंतर यायला हवी. उलट २६ ऑगस्ट २०२० चा स्फोट सेकंदभराचाच, पण तो मोठा तारा कोसळून झालेला निघाला. दोन सेकंदांची रेघ बॅट्सीच्या आकडेवारीतून आली, निसर्गाने आखलेली नाही. आणि हे दोन्ही उलगडे कसे झाले? जागा नेमकी कळली म्हणून तिथे मोठ्या दुर्बिणी लावता आल्या. त्यामुळे मिलिंददादांचाही मुद्दा सोडून देता येत नाही, धग असतानाच पोचायला हवं.

रेवती_बार्शी

बाप रे, कालपासून किती आलंय! मायलेकी वहीत उतरवून घेतोय. चाळणीचा प्रयोग झाला, तिने चारदा बरोबर ओळखलं, पाचव्यांदा बरोबर एका भोकाने चुकली आणि मग वेडीवाकडी नक्षी का ते तिला स्वतःच कळलं.

अजून एक विचारायचं राहिलं. २००५ ला पहिला पत्ता मिळाला तो कसा?

अवकाश_पांथस्थ

९ मे २००५. स्विफ्टला वर जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. स्फोट सेकंदाच्या पंचविसाव्या भागाएवढा, ०.०४ सेकंद. बॅटने सावली वाचली, स्विफ्ट मिनिटभरात वळला, क्ष-किरण दुर्बीण उघडली आणि तिच्यात पडले ११ फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण. अकरा! पोरगी बोटांवर मोजेल एवढे. तेवढ्यावर नऊ-दहा आर्कसेकंदांचं वर्तुळ आखलं गेलं.

त्या वर्तुळाच्या काठाशी एक भलीमोठी लंबवर्तुळाकार दीर्घिका होती, सुमारे २.७ अब्ज प्रकाशवर्षांवरची. तशा दीर्घिकेत नवे तारे जवळजवळ जन्मत नाहीत, सगळी म्हातारी मंडळी. म्हणजे ताज्या मोठ्या ताऱ्याच्या मरणाचा संबंध नाही, कुठली तरी जुनी जोडी एकमेकींवर आदळली असावी, असा तर्क पुढे आला. पण त्याच वर्तुळात मागे कितीतरी अंधुक दीर्घिकाही होत्या, त्यामुळे शपथेवर सांगण्यासारखं नव्हतं. मग ९ जुलैला हेटी-२ उपग्रहाने दुसरा शॉर्ट स्फोट पकडला आणि पहिल्यांदाच त्याचा साध्या प्रकाशातला आफ्टरग्लो दिसला. तिथून पुढे वाट मोकळी झाली.

आणि काही वेळा स्फोट दीर्घिकेच्या बऱ्याच बाहेर सापडतो, जवळ घरच दिसत नाही. न्यूट्रॉन तारा ज्या सुपरनोव्हातून (मोठ्या ताऱ्याच्या शेवटच्या स्फोटातून) जन्मतो त्याचा जोडीला धक्का बसतो, ती घर सोडून निघते, कोट्यवधी वर्षं फिरत राहते आणि मग कुठेतरी उजाड जागी आदळते. पत्ता बरोबर असूनही माहेर कुठलं ते ओळखायचं राहतंच.

औंढेकर

हिंगोली जिल्ह्यातून लिहितोय. आमच्या औंढा नागनाथला लायगो-इंडिया, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र होणार, २०२३ ला केंद्राने मंजुरी दिली, म्हणून मी हा विषय धरून बसलोय. १७ ऑगस्ट २०१७ कुणीच कसं काढलं नाही अजून?

त्या दिवशी आपल्या घड्याळात संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटं. अमेरिकेतल्या दोन लायगोंना गुरुत्वीय लहर लागली आणि तिच्यानंतर १.७ सेकंदांनी फर्मीला छोटा गॅमा स्फोट दिसला. इंटिग्रललाही दिसला. स्विफ्ट त्या वेळी पृथ्वीच्या आड होता, आपला ॲस्ट्रोसॅटही आड! फर्मीच्या गालावरून कळलेली जागा भलीमोठी. पण इटलीतली व्हर्गो, लायगोसारखंच यंत्र, १ ऑगस्टलाच मोजणीत सामील झालेली, तिला लहर जेमतेम लागली. म्हणजे स्फोट तिच्या आंधळ्या बाजूला झाला असणार. न ऐकू येण्यावरूनही पत्ता सापडतो बघा. तिघींचं जुळवून जागा आली २८ चौरस अंशांवर.

पहिला तिघींचा नकाशा पाच तासांनी फिरला, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा होऊन वासुकी (ती जागा ज्या तारकासमूहात होती तो) मावळून गेलेला. चिलीत सूर्य बुडेपर्यंत थांबावं लागलं. तिथल्या एक मीटरच्या स्वोप दुर्बिणीने ओळखीच्या दीर्घिका एकेक करून तपासल्या आणि एनजीसी ४९९३ मध्ये नवा ठिपका सापडला, लहरीनंतर अकराएक तासांनी. १३ कोटी प्रकाशवर्षं दूर.

आमच्याकडं यंत्र उभं राहिलं की जगाच्या या बाजूला एक कान वाढल. मधी जितकं अंतर जास्त तितका पत्ता नेमका, गणितभाऊंनी सांगितलंय तसंच.

नारायणगावकर

आणि नंतर त्याच ठिपक्याचा रेडिओ उजेड आमच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही टिपला. ४५ मीटरच्या तीस तबकड्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला प्रदर्शन असतं, रेवतीताई लेकीला घेऊन याच, उतरायला आमचं घर आहे.

टीकाकार_नाना

हे सगळं ठीक, पण एवढा खर्च करून आपल्याला काय मिळालं?

स्वरा_पुणे

नाना, त्या ठिपक्याच्या उजेडात स्ट्रॉन्शियमची खूण सापडली, म्हणजे जड मूलद्रव्यं अशा टकरीत घडतात ते पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. सोनं-प्लॅटिनम घडायची वाटही तीच. सगळं सोनं तिथूनच आलं का यावर अजून वाद चालू आहे, पण काकूंच्या पाटल्यांतलं थोडं तरी अशा टकरीतून आलेलं असू शकतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

टीकाकार_नाना

पाटल्यांचं हिला वाचून दाखवलं. परत एकदा वाच म्हणाली.

मिलिंद_ठाणे

ॲस्ट्रोसॅटचा विषय निघालाच आहे तर, त्याच्यावरचं सीझेडटीआय हे उपकरण मुंबईच्या टीआयएफआरच्या पुढाकाराने झालं, त्यालाही कोडेड मास्क, म्हणजे स्विफ्टसारखं नक्षीचं छप्पर आहे. पण जास्त ऊर्जेच्या किरणांना मास्क आणि भिंती जवळपास पारदर्शक होतात, म्हणून ते चहूबाजूंचे स्फोट टिपतं. सहाशेच्या वर झालेत. आणि आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने दक्ष नावाच्या दोन उपग्रहांचा प्रस्ताव आहे, पृथ्वीच्या दोन बाजूंना एकेक, म्हणजे आड जायची भानगडच नको. १७ ऑगस्टला ते वर असते तर एकाला तरी दिसलंच असतं. आता माझा उरलेला निम्मा मुद्दाही मागे घेतो, एकट्या डोळ्याचं काम नाही हे.

रेवती_बार्शी

दिवाळी झाली, आता सांगते काय काय केलं ते.

माहेरी शेतावर गेलो होतो. लेकीने तीन मोबाईल गोळा केले, तिघांवर रेकॉर्डिंग चालू करून एकत्र धरले आणि एकच टाळी वाजवली, म्हणजे तिघांची घड्याळं जुळली. मग मी, आई आणि वहिनी एकेक मोबाईल घेऊन तीनशे-तीनशे मीटरवर उभ्या राहिलो, एक बांधावर, एक गोठ्यापाशी, एक पाण्याच्या टाकीजवळ. भावाला सांगितलं, कुठेही जाऊन एक सुतळी बॉम्ब लाव, आम्हाला सांगू नको.

आवाज बांधावर पहिला आला. गोठ्यापाशी ०.४१ सेकंदाने, टाकीजवळ ०.६२ सेकंदाने. आवाजाचा वेग धरला सेकंदाला ३४५ मीटर, म्हणजे गोठा बांधापेक्षा १४१ मीटर लांब आणि टाकी २१४ मीटर. आलेखाच्या कागदावर दोऱ्याने बिंदू काढत बसली पोरगी. कडं काही येईना, फाकलेल्या कमानी यायला लागल्या, तेव्हा घाबरून मला म्हणाली की चुकलं.

गावठी_गणित

चुकलं नाही! स्फोट जवळचा असेल तर तशा कमानीच येतात, हायपरबोला म्हणतात त्यांना. स्फोट कोट्यवधी प्रकाशवर्षं लांबचा असेल तेव्हा लाट सपाट होऊन येते आणि तेव्हाच आकाशात कडं मिळतं. तिला सांगा, हे तिने स्वतः पाहिलं, आता विसरणार नाही. पुढे काय झालं?

रेवती_बार्शी

पुढे दोन कमानी दोन ठिकाणी छेदल्या. एक बिंदू आला चिंचेखाली आणि दुसरा बरोबर विहिरीत. पोरगी पळत चिंचेकडे गेली. जळक्या सुतळीचा तुकडा आणि कागदाचा चुरा, खुणेपासून अकरा पावलांवर. मामाला म्हणाली, "मला चौथा मोबाईल हवा होता, विहिरीत कुणी बॉम्ब लावत नाही म्हणून वाचले."

सोमवारी वर्गात बोलायचंय. सुरुवात त्या अकरा फोटॉनांनी करणार म्हणते. सुतळीचा तुकडा कंपासपेटीत ठेवलाय.